डोकं फिरून राहिलं

दारात अनिरुद्ध उभा होता... चार वर्षांनी! कालिंदीने त्याला बघायला उशीवरून मान उचलली मात्र, अख्खं माजघर तिच्याभोवती गरगर फिरू लागलं, आणि तिने घट्ट डोळे मिटून घेतले. काल सकाळी फडताळावरचा डबा काढायला तिने वर पाहिलं आणि ती कोसळली होती. घाबरलेल्या दत्तोपंतांनी मग आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं न ऐकता पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला होता, आणि आज दुपारी तो बायको-मुलासह जवळा बाजार गावी येऊन पोचला होता.

"त्यांना चालता येईल का गाडीपर्यंत?" त्याने दादाला विचारलं.

त्यांना! ज्याने या वहिनीशी जन्मभर अगं-तुगं केलं, भूक लागली की तिचा पदर ओढला, त्याच्या तोंडी आज 'त्यांना' होतं. इतका आदर तिला नको होता.

गाडी हिंगोलीच्या रस्त्याला लागली. पुढे अनिरुद्धची बायको केतकी, आणि तिच्या मांडीवर चार वर्षांचा अद्वैत होता. मधूनच मागे वळून तो या अनोळखी बाईकडे टुकूटुकू बघायचा. कालिंदी खिडकीशी डोळे मिटून बसली होती, पण मिटल्या डोळ्यांनाही हा रस्ता पाठ होता. सासूबाई गेल्या तेव्हा अनिरुद्ध सात वर्षांचा होता आणि कालिंदीला हिंगोलीच्या अध्यापक विद्यालयात नुकताच प्रवेश मिळाला होता. आई गेल्यावर पोरगं दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवेचना... आणि तिने तो प्रवेश सोडून दिला, तेही इतक्या सहज, की त्यात काही सोडलं हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पुढे स्वतःची कूस उजवली नाही, त्याचंही दुःख तिने फार दिवस उराशी धरलं नाही. दसऱ्याच्या दिवसांत ती त्याला एसटीने हिंगोलीच्या जत्रेला न्यायची. तिथे आकाशपाळण्यात तो तिला मिठी मारून खदखदा हसायचा, आणि उंचावर जीव मुठीत धरून बसलेली ती त्याच्याकडे बघून हसायची. काय दिवस होते ते!

आणि मग तो बारशाचा दिवस आला. बारसं जवळा बाजारलाच करायचं, बाळ पहिल्यांदा वहिनीच घेणार, हा हट्ट अनिरुद्धचाच होता. पाळण्याच्या वरून बाळ द्यायचं, खालून घ्यायचं, असा तो सोहळा. कालिंदी नऊवारीचा काष्टा सावरत पाळण्याखाली वाकली, बाळ हातात आलं, आणि दिवे, बायका, फुलांच्या माळा, सगळंच गिरक्या घेऊ लागलं. तिने कसंबसं बाळ केतकीच्या कुशीत अक्षरशः कोंबलं. "घे गं याला, माझं डोकं फिरून राहिलं," एवढं बोलून भिंत धरत ती आतल्या खोलीत गेली, ती बाहेर आलीच नाही. शेजारच्या जमनाबाईंनी लगेच निदान केलं, मूलबाळ नाही ना, बघवलं नसेल बिचारीला! गावाकडे डोकं फिरून राहतं ते चक्कर आली की; केतकी पुण्याची, तिच्या माहेरी डोकं फिरतं ते रागाने. आणि दहा वर्षं पुण्यात राहून अनिरुद्धचाही कान तसाच झालेला. माझ्या लेकरावर वहिनीचं डोकं फिरलं, एवढंच त्याने ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी बायको-लेकराला घेऊन तो पुण्याला निघून गेला.

दार उघडून खरं काय ते सांगायचं कालिंदीच्या मनात किती वेळा आलं होतं! पण तिचे वडील अशाच चकरा येता येता एक दिवस कोसळले होते, त्यांचा एक हात न् एक पाय कायमचा लुळा पडला होता. तेच आता आपल्या रक्तात उतरलं, हे तिने मनाशी पक्कं धरलं. अनिरुद्धला सांगितलं असतं तर त्या वेड्याने उद्या पुन्हा बाळ तिच्याच हातात दिलं असतं. रागावलेल्या बाईकडे मात्र कुणी लेकरू देत नाही. म्हणून तो राग तिने आपल्या नावावर राहू दिला. दत्तोपंतांना ती पित्त झालंय म्हणायची. चक्कर कधी महिनाभर छळायची, कधी सहा-सहा महिने फिरकायची नाही, आणि मोरावळ्याच्या बरण्या मात्र भराभर संपायच्या.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई कानाच्या होत्या. त्यांनी तिला बोलतं केलं, हात उचलायला लावले, चार पावलं चालवलं. मग टेबलावर बसवून, मान उजवीकडे वळवून, पटकन उताणं केलं. कालिंदीची बुबुळं थरथरू लागली. तिने चाचपडत जे हाताला लागलं ते धरलं, आणि तो अनिरुद्धचा शर्ट होता.

बाईंनी शांतपणे समजावलं. तोल सांभाळायला कानात आत बारीक खड्यांसारखे कण असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की वाकताना, वर बघताना, कूस बदलताना जग फिरतं. हे पित्त नाही, अर्धांगवायूही नाही. डोकं ठरावीक क्रमाने वळवलं की बहुतेकदा ते कण जागेवर जातात. कधी पुन्हा करावं लागतं, कधी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उद्भवतं.

"पहिल्यांदा कधी झालं?" त्यांनी विचारलं.

कालिंदीने मुठीतला शर्ट सोडला. बाईंनी पुन्हा विचारलं.

"याच्या लेकराच्या बारशाला," ती शेवटी म्हणाली. "पाळण्याखाली वाकले, अन् डोकं फिरून राहिलं."

तिच्या खांद्यावरचा अनिरुद्धचा हात थबकला. बाई तिची मान डावीकडे वळवत होत्या, मग तिला कुशीवर घेत होत्या, थोडं थांबून उठवून बसवत होत्या... आणि तो नुसता बघत होता.

"वहिनी, तू मला सांगितलं काहून नाही?" त्याने विचारलं. पुण्याचं सगळं पाणी त्या एका 'काहून'मध्ये उतरलं होतं.

"सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "तेच तर सांगितलं होतं. समजावून नाही सांगितलं, ते मात्र मुद्दाम. माझ्या हातून पडलं असतं ना लेकरू."

चार वर्षांच्या चुकलेल्या दिवाळ्या, चार वर्षांचे न लावलेले फोन, सगळं त्याच्या डोळ्यांतून वाहू लागलं. डॉक्टरीणबाई कसलासा कागद शोधत उगाचच बाहेर गेल्या.

अर्धा तास स्वस्थ बसायला सांगितलं होतं. बाहेरच्या बाकावर दत्तोपंत चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते. सगळं ऐकून केतकीने वाकून कालिंदीच्या पायांना हात लावला. अनिरुद्धने अद्वैतला उचललं आणि सरळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"नको रे," कालिंदीने हात मागे घेतले. "अजून भरवसा नाही माझा."

"मी बसलोय ना बाजूला."

अद्वैतने मान वर करून तिचा चेहरा न्याहाळला. "बाबा, ही कोण आहे?"

"काकू आहे बाळा, मोठी..." केतकी नातं सांगू लागली.

"आजी," अनिरुद्ध म्हणाला. "आजी म्हण तिला."

कालिंदीने दोन्ही हातांनी लेकराला धरलं.