दुसरं हिरवं बटण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कोणी फिदीफिदी केलं तर मी सरळ उठून झोपायला जाईन. आणि धाकट्या, तू भिंतीला टेकून बस. नाहीतर मग रात्रभर आईला हाका मारशील.

ही गोष्ट आमच्या मिस्त्रीची. मी ज्या पार्कात वायरमन होतो, तिथल्या रोलर कोस्टरचा तो मिस्त्री. ती गाडी एके काळी देशात सगळ्यात उंच होती. चांगले अकरा महिने! तेव्हा तिला सगळे राणी म्हणायचे. मग कोणीतरी दोन हात जास्त उंच बांधली आणि आमच्या राणीची रातोरात म्हातारी झाली. मिस्त्रीला त्याचं काही नव्हतं, पण वहिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जिवाला फार लागलं. वहिनी तिथेच कामाला होती. जगात कुठली गाडी किती उंच, किती वेगाची, सगळं तिला तोंडपाठ. रांगेतल्या पोरांना थांबवून थांबवून सांगायची, "अरे, गाडी उलटी फिरवणारा पहिला गोल बांधला तो अगदी बांगडीसारखा. लोकांच्या माना लचकल्या! म्हणून आता थेंबासारखा बांधतात." मिस्त्री म्हणायचा, "घरात मीठ कुठे ठेवलंय ते हिला आठवत नाही, पण साऱ्या जगाच्या उड्या पाठ."

आता ही गाडी सोडायची कशी, ते नीट ऐका. फलाटाच्या दोन टोकांना दोन हिरवी बटणं. एका माणसाने आपल्या बाजूच्या डब्यांत सगळ्यांच्या मांडीवर दांडा नीट बसलाय का ते बघायचं, दुसऱ्याने त्याच्या बाजूचं. मग दोघांनी एकदमच बटण दाबायचं. एकट्याने दाबून गाडी तसूभर हलायची नाही. एका टोकाला मिस्त्री, दुसऱ्या टोकाला वहिनी. अशी किती वर्षं गेली असतील! किती जोडपी त्यांनी शेजारी शेजारी बसवून वर पाठवली. पण ही दोघं काही एकत्र बसली नाहीत.

वहिनी म्हणायची, "अहो, एकदा तरी बसू या. वायरमन भावजी दाबतील की बटण."

मिस्त्रीचं एकच उत्तर, "माझं बटण दुसऱ्याच्या हातात? नाव काढू नकोस. पुढच्या वर्षी बघू."

मग एका वर्षी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत वहिनी गेली.

त्यानंतर मिस्त्रीला घर खायला उठायचं. सुट्टीच्या दिवशीही येऊन फलाटावर बसायचा. बोलायचा कोणाशी नाही. दुसऱ्या बटणावर पार्कवाल्यांनी कोणकोण आणून ठेवले, एकाशीही याचं पटलं नाही. एकदा मला म्हणाला, "दहा मिनिटांचं काम होतं रे. दहा मिनिटं मी तिला दिली नाहीत." मी चहा पुढे केला.

शेवटी पार्क बंद पडलं. जानेवारीतला दुसरा मंगळवार, अमावास्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हाताऱ्या गाडीला कापायला माणसं येणार होती. रात्री साडेदहाच्या सुमारास मिस्त्री हत्यारांची पेटी आणायला आणि मेन स्विच पाडायला एकटाच फलाटावर गेला. मी फाटकाजवळच्या खोलीत होतो. बोचरं वारं सुटलं होतं.

पेटी उचलली. निघाला. जाता जाता हात आपोआप बटणावर गेला. जन्माची सवय, दुसरं काय!

गाडी सुटली.

मिस्त्रीने दुसऱ्या टोकाला बघितलं. तिकडचं बटण आत दबलेलं. त्यातला दिवा लागलेला. आणि तिथे… कोणी नाही.

"काका, मग दाबलं कोणी?"

गप्प बस म्हटलं ना!

गाडी साखळीवर चढायला लागली. टक्… टक्… टक्… मिस्त्रीने मनाला समजावलं, वायर कुठेतरी चिकटली असेल. रिकामी गाडी, त्यात समोरून असलं गार वारं. दुसरा चढ ती चढायचीच नाही, मधल्या खोलग्यात अडकून पडेल. तिथे वजनच लागतं.

गाडी चढ चढली. भरल्यासारखी दणदणत आली आणि फलाटावर थांबली.

रिकाम्या जागेवरचा दांडा खाली तळाला टेकतो. सगळे टेकले होते. शेवटच्या डब्यातला डावीकडचा सोडून. तो मध्येच थांबला होता. माणूस बसलं की थांबतो तसा. मांडीच्या उंचीवर. आणि त्याच्या शेजारचा… उघडा. दांडा उघडा असताना ही गाडी सुटतच नाही, पोरांनो.

मिस्त्री दोन पावलं पुढे गेला.

"कोण आहे?"

…

"तू आहेस का गं?"

डावीकडचा दांडा एक घर खाली सरकला. टक्.

पळून यावं असं त्याच्या मनात आलं. तोच मला म्हणाला, पेटी टाकून फाटकाकडे वळलो होतो. पण आता पळालो, तर पुन्हा "पुढच्या वर्षी" म्हणायला वर्ष कुठून आणणार?

तो परत फिरला. बसला. शेजारी बघितलं नाही. आपला दांडा आपणच ओढून घेतला.

फलाटावर कोणी नव्हतं.

दोन्ही बटणं आत गेली.

टक्… टक्… टक्… खाली गावातले दिवे लहान होत गेले. अगदी वर, उतार सुरू होण्याआधी, गाडी क्षणभर थांबल्यासारखी होते. तिथे मिस्त्री एवढंच म्हणाला, "चुकलं गं माझं."

उतार लागला, आणि कोणीतरी त्याचं मनगट गच्च धरलं. गार हात.

त्याने डोळे मिटून घेतले. फलाटावर येऊन उघडले. शेजारचा दांडा वर होता. जागा रिकामी.

माझ्या खोलीत आला तेव्हा पांढराफटक पडला होता. मनगटावर चार बोटांचे वळ, खाली अंगठ्याचा एक. मी तेल लावायला गेलो तर त्याने हात मागे घेतला. "राहू दे," म्हणाला, "तेवढंच आहे माझ्याकडे." सकाळी म्हातारी कापली, तिकडे त्याने ढुंकून बघितलं नाही.

वळ काय, आठ-दहा दिवसांत जाणारच. गेले. त्या दिवशी तो माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. मग नऊ वर्षं एकटा राहिला. थंडी असो की पाऊस, त्या हाताची बाही कायम वर. येता-जाता मनगटाकडे बघायचा.

गेल्या हिवाळ्यात शेजारीण धावत आली, मिस्त्री दार उघडत नाहीत म्हणाली. आम्ही कडी तोडली. आतून लावलेली होती. पलंगावर शांत पडला होता, भिंतीकडे सरकून, एवढासा. उरलेली अर्धी जागा मोकळी. मी पांघरूण बाजूला केलं.

मनगटावर चार बोटं. खाली अंगठा.

लालभडक वळ… आत्ताच कोणी हात सोडल्यासारखे.