हळदीचा अंगठा

घनश्यामला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो मेलाय असंच मला वाटलं.

नाताळ तोंडावर आला होता. आमच्या गावाबाहेर, चिमूरच्या रस्त्याला, जंगलखात्याचा बंगला होता आणि माझा बा, इस्तारी, तिथला खानसामा. मी मोठी खोली झाडायला म्हणून दार ढकललं... तर सतरंजीवर एक माणूस उताणा पडलेला. तोंडावर उघडं पुस्तक, सदऱ्यावर लालभडक डाग!

मी अशी किंचाळले की कौलांवरची कबुतरं उडाली. मेलेला माणूस ताडकन उठून बसला.

"काय झालं? कोन मेलं?"

"तुमी!"

त्याने सदऱ्याकडे पाहिलं आणि हसला. "लाल शाई हाये, बाई. जंगलाचे नकाशे काढतो मी. वाचता वाचता डोळा लागला."

"असं काय वाचून राह्यले होते?"

"खुनाचं पुस्तक."

हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. दुसऱ्या गालाला का नाही, याचा विचार करत मी ती खोली दोनदा झाडली.

त्याचे साहेब, गुणवंतराव, सुट्टी घेऊन नागपूरला गेले होते. तंबू आणि नकाशे राखायला हा एकटा मागे राहिला होता. चांद्याचा, मॅट्रिक झालेला. याचा बाप रामाळा तलावात जाळं टाकायचा, आमचे काका गावच्या तलावात, म्हणजे आमच्यातलाच. बंगल्याच्या कपाटात गोऱ्या साहेबांनी मागे टाकलेली इंग्रजी पुस्तकं होती. साहेब गेले, पुस्तकं राहिली, आणि नाताळला केक भाजायची बंगल्याची रीत राहिली. ती बा अजून पाळायचा. खाली निखारे, हंडीच्या झाकणावर निखारे.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. सावली गावचे पाहुणे मला पाहून गेले होते आणि त्यांची पसंती आली होती. पौष लागायच्या आत बाला उत्तर कळवायचं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी काय सांगणार होते मी? कालपर्यंत माझ्याजवळ उत्तरच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुस्तक घेऊन रांधणखोलीच्या ओसरीवर आला. मी मासळीला हळद-मीठ लावत होते, बा पोपटाच्या शेंगा सोलत होता.

"एकट्यानं वाचलं की भेव वाटते," तो म्हणाला. "तुमाले सांगत सांगत वाचतो."

आणि गोष्ट सुरू झाली. विलायतेतलं मोठं घर, नाताळचे दिवस, जमलेले पाहुणे. बाहेर बर्फ.

"बर्फ म्हंजे कसं?" मी विचारलं.

"तळ्यावरचं धुकं हाये ना सकाळचं... ते गोठून अंगणात पडलं असं समज. कोनाले येता येत नाई, कोनाले जाता येत नाई. आन घराचा म्हातारा मालक आपल्या पुस्तकाच्या खोलीत मरून पडला."

"कोनं मारलं?"

"पोलिसाले खानसाम्यावर संशय हाये."

बाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खानसाम्यानं काऊन मारावं? मालक मेला त तो रांधन कोनासाठी?"

पुस्तकात त्या घराचा नकाशा होता. नकाशा म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याने मोठ्या कौतुकाने पुस्तक माझ्यापुढे धरलं. "हे पाह्य, ही ती खोली."

"कोनती? ही?" मी बोट ठेवायला गेले आणि नकाशावर माझा हळदीचा अंगठा उमटला.

"अगं अगं!... ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला, "आता हे घर तुह्यं झालं." आणि स्वतःच लाल झाला. या वेळी शाई नव्हती.

मग रोज दुपार झाली की ओसरीवर खून पडायचा. म्हाताऱ्यामागून त्याचा पुतण्या मेला. मग डॉक्टर. मग एक आत्या मेली, तिचं तर मला फार वाईट वाटलं. विणकाम करणारी बिचारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"आता घरात उरलं कोन?" मी विचारलं.

"खानसामा... आन एक कुत्रं."

"कुत्र्याले हात लावाल त याद राखा!"

तो हसला, खळी पडली, त्याने पान उलटलं... आणि मला दिसला माझा पिवळा अंगठा. नकाशाचं पान तर पहिल्याच दिवशी मागे पडलं होतं. पुढे जाता जाता मागचं पान पुढे आलं कसं? मी मासळीवर मीठ दोनदा टाकलं आणि पुढची गोष्ट ऐकत राहिले.

नाताळच्या दिवशी गुणवंतराव परतले. बंगल्याच्या व्हरांड्यात बाने केक कापला. पहिला तुकडा हातात घेऊन साहेब म्हणाले, "घनश्याम, उद्या पहाटे तंबू उचलायचे. सूरजागडकडे काम निघालंय."

घनश्याम माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग इस्तारीभाऊ... गोष्टीचा शेवट ऱ्हाऊनच गेला."

"ऱ्हायला नाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "शेवट मी सांगन. सगळे इथीच हायेत. गुन्हेगार बी इथीच हाये."

मी त्याच्या काखेतलं पुस्तक ओढलं आणि नकाशाचं पान उघडून धरलं.

"हा माहा अंगठा. पहिल्या दिवशीचा. आत्या मेली त्या दिवशी हा परत आला. म्हंजे पुस्तक कवाच सरलं होतं, तुमी पहिल्यापासून पानं उलटून राह्यले होते. खरं सांगा, पुस्तकात खून किती?"

"...एक."

"मंग पुतण्याले कोनं मारलं?"

"मी."

"डॉक्टरले? आत्याले?"

"मीच."

गुणवंतरावांना आता केकपेक्षा हे गोड लागत होतं. "गुन्हा कबूल आहे तर! कारण काय?"

घनश्यामने मान खाली घातली. मग वर केली, आणि साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"गोष्ट सरली असती त... रोज दुपारी त्या ओसरीवर मी कोन्या तोंडानं आलो असतो, वच्छला?"

बा सुरी हातात घेऊन तसाच उभा होता. त्याने घनश्यामकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला विचारलं, "पोरी, तुले काय म्हनायचं हाये?"

"बा..." मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "गुन्हेगाराले सोडायचं नाई."

साहेब खो खो हसले. बा मात्र हसला नाही. त्याने घनश्यामकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "बाबू, एक सांग. खऱ्या पुस्तकात... खानसाम्यानं मारलं का?"

"नाई, इस्तारीभाऊ. तुमची आन."

"मले ठाव होतं." बाने केकचा चांगला जाड तुकडा कापून त्याच्या हातात ठेवला. "सावलीले उद्याच निरोप धाडतो. पौष लागायच्या आत."

पहाटे तंबू उठले. गाडी सुरू व्हायच्या आधी त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं.

"पन मारलं कोनं, ते त सांगून जा!"

"लगन झाल्यावर सांगन."

फाल्गुनात त्याने सांगितलं. मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हीही कुणाला तरी ओसरीवर बसवून ते पुस्तक वाचा. घाई करू नका, आणि वाटलं तर दोन-चार माणसं जास्तीची मारा. फक्त कुत्र्याला हात लावू नका.