बिनचाकांचं जेट

जळका वास आला की मी घाबरून आधी मेन स्विच बंद करते. मालवणजवळच्या कट्टा गावात एसटी स्टँडसमोर आमचं रेडिओ, टीव्ही, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे दिवसातून दोन-चारदा होतंच. त्या दिवशी मात्र वास बाहेरून आत आला... आणि त्याच्या मागोमाग तो आला.

उंच, उन्हाने रापलेला. एका हातात करपलेली वायर, दुसऱ्या हातात फोमचं विमान.

"ह्या जोडून गावतला?"

"आधी सांग, ह्या पेटूचा नाय ना?"

"आता नाय पेटूचा. सकाळी पेटलला!" आणि तो हसला. मी घाईघाईने सोल्डरिंगची गन शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.

त्याचं नाव प्रितम. घर मालवणला, दर्यावरचं. वडील मासेमारीला जातात, हा पर्यटकांच्या बोटीवर काम करतो. रिमोटवर विमानं उडवायचा नाद त्याला गोव्यातल्या एका मित्राने लावला. मग काय, त्याच्या वायरी सारख्या तुटायला लागल्या. एकदा तर चक्क ब्लेडने कापलेली वायर घेऊन आला. तुटलेली कुठली आणि कापलेली कुठली, हे मला झोपेतही कळतं. पण मी ती मुकाट्याने जोडून दिली.

रविवारी दुकान दुपारी बंद होतं. मी सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, त्याचं विमान बघायला जायला लागले. बघायला कसली, घाबरायला! ते वर गेलं की मला खालची गुरं दिसायची, विजेच्या तारा दिसायच्या, काजू गोळा करणाऱ्या बायकांची डोकी दिसायची. प्रितमला मात्र नुसतं आभाळ दिसायचं.

एका रविवारी त्याने खिशातून तीन चित्रं काढली, सायबर कॅफेत छापून आणलेली.

"पहिला जेट घेवचा आसा. सांग, खंयचा घेव?"

"माका काय कळता तेतूर?"

"तू बरी भितंस. माका भिवूक जमणा नाय. म्हणान इचारतंय."

राग यावा की हसू, कळेना. मी चित्रं हातात घेतली. जेटला पुढे पंखा नसतो, तो पोटातल्या नळीत लपलेला असतो आणि आवाज असा करतो, जसं कोणी मिक्सरमध्ये सुकी चटणी वाटतंय. पहिलं चित्र होतं दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाचं, निमुळतं, देखणं.

"ह्या हळू चलता?"

"नाय. हळू केला की धोंड्यासारख्या पडता."

"मगे नको."

दुसरं चंदेरी, खाली तीन चाकं. ते धावत जाऊन उडतं, धावतच उतरतं. तिसरं पांढरं, जाडजूड रुंद पंखांचं, चाकं नाहीतच. गवतावर पोटावर उतरायचं. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

"ह्या?" प्रितमने तोंड वाकडं केलं. "ह्या तर म्हशीसारख्या दिसता गो!"

"म्हस कधी आभाळातसून पडलली बघलंस?"

तो इतका हसला, की दोन टिटव्या उडाल्या. मग त्याने ते चित्र माझ्या हातातून घेतलं.

"पण ह्येका हातान फेकूचा लागता," तो म्हणाला. "पयल्यांदा उडवताना माझे दोनय हात रिमोटवर लागतले. फेकूक दुसरा माणूस होया... पंखो पोटात आसता, म्हणान हात कापाची भिती नाय... पण फेकतला कोण?"

तो चित्राकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. आणि मी, मेलीने, काय म्हणावं?

"गावात कोणतरी..."

त्याने चित्रं घडी करून खिशात ठेवली. परतताना तो माझ्या दहा पावलं पुढे चालत होता.

पुढच्याच आठवड्यात मला वैभववाडीचं स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात क्लार्क, घर स्टेशनजवळ, माणसं चांगली. चांगली होती हीच पंचाईत! वाईट असती तर मला तोंड उघडता आलं असतं. त्यापुढच्या शनिवारी संध्याकाळी बाबा त्यांना फोन करणार होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, "तुझ्या मनात काय आसा ता सांग." मी दोनदा म्हटलं, "काय नाय."

सांगणार तरी काय? प्रितमने कधी एका शब्दाने काही म्हटलं नव्हतं. शिवाय ते दर्यावरचे, आम्ही काजूच्या बागांवाले, अशी सोयरीक इकडे सहसा होत नाही. मासेवाली हौसाबाई मालवणहून पाटी घेऊन येते तेव्हा आई तिच्याशी बांगड्यांवरून घासाघीस करते, तेवढाच काय तो दर्यावरच्यांशी आमचा संबंध.

इकडे स्थळ आल्यावर दोनच दिवसांनी प्रितमने जेटची ऑर्डर दिली होती, आणि पार्सल येणार होतं आमच्या दुकानाच्या पत्त्यावर. कुठलं मागवलं ते मात्र त्याने सांगितलं नाही. गावात अडलेली माणसं देवळात जाऊन देवाला कौल लावतात. मी लावला पार्सलच्या खोक्याला! आतून बिनचाकांचं जेट निघालं, तर त्याला फेकणारी हवी आहे, म्हणजे मी हवी आहे. बाबांना सगळं सांगून टाकायचं. चाकांचं निघालं, तर त्याला कोणी नको आहे. मग वैभववाडी.

वेडेपणा होता, मला कळत होतं. पण मला जेवण जाईना. आनंदीबाईंच्या रेडिओत मी अशा काही वायरी जोडल्या, की तो बंद केल्यावर वाजायला लागला.

खोका शनिवारी सकाळी आला. उघडायचीसुद्धा गरज पडली नाही. वरच चित्र होतं... चंदेरी जेट. खाली तीन चाकं.

मला रडू आलं. समोर एक गिऱ्हाईक चार्जर मागत होतं आणि मी त्याला डोळे पुसत पुसत इस्त्रीची कॉर्ड दिली. ते गेल्यावर आत जाऊन बाबांना सांगितलं, "वैभववाडीक होय म्हणान सांग." बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "संध्याकाळी करतंय फोन."

दुपारी प्रितम आला. खोका बघून त्याला आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. मी खोका काउंटरवरून पुढे ढकलला.

"घे. चाकांचा."

"होय."

एवढंच? मग मात्र मला असा संताप आला की भीती कुठल्या कुठे पळाली.

"ह्या धावतला खंय रे? सड्यार नुसतो कातळ आसा, खड्डे आसत. पयल्याच दिवशी चाका मोडून हातात येतली!"

"म्हायत आसा माका."

"म्हायत आसा? मगे हाडलंस कित्याक?"

तो खोक्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडत राहिला.

"हौसाबाय सांगी होती..." तो म्हणाला. तिच्या पाटीतून मासे कट्ट्याला येतात आणि कट्ट्याच्या बातम्या मालवणला जातात, हे मी विसरलेच होते. "तुका वैभववाडीक दितत म्हणान. मगे बिनचाकांचा घेवन काय करतलंय? तू गेल्यार फेकतला कोण?"

"दुसरा कोणतरी फेकतला!"

"दुसरा कोण माका नको."

बाहेर एसटीच्या कंडक्टरने घंटी दिली आणि मी खोका पुन्हा माझ्याकडे ओढून घेतला.

"ह्या मी उडवूचय नाय," तो अगदी हळू म्हणाला. "घरात कपाटार ठेवतलंय. तुझ्याबरोबर जा उडवूचा होता ता... एकट्यान नको वाटता."

अरे देवा. ज्या चाकांवरून मी सकाळपासून रडत होते, ती चाकं त्याने मी जाणार म्हणूनच मागवली होती!

"मी जातंय खंय?" माझा आवाज चिरका निघाला. "माका इचारलंस तू? एकदा तरी तोंडान इचारलंस?"

"आता इचारतंय." त्याचे कान लाल झाले होते. "सलोनी... ऱ्हवशीत?"

"ऱ्हवतलंय."

हे बोलून मी तशीच आत गेले. थांबले असते तर पुन्हा घाबरले असते. "बाबा, फोन करू नको. माका वैभववाडीक जावचा नाय. माका... तो होयो."

बाबांनी मान वाकडी करून काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या प्रितमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दर्यावरचो?"

"होय."

"सकाळी चेहरो बघूनच माका कळला होता, काय तरी बिनसला हा," ते म्हणाले. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. "वैभववाडीक मी सांगतंय. आवशीक मात्र तू सांग. ता माका जमूचा नाय."

आईला सांगणं माझ्यावर आलं होतं. मी बाहेर येऊन प्रितमला म्हटलं, "चल."

"खंय?"

"घराक. आवशीकडे."

"आत्ता?" त्याचा चेहरा खर्रकन उतरला. भर दर्यात बोट नेणारा माणूस, पण कपाळावर घाम! "अगो, पण... मी काय बोलू?"

"फक्त नाव सांग. पुढचा मी बघतंय."

खोका तसाच काउंटरवर राहिला. मागच्या पायवाटेने घराकडे जाताना त्याने तीनदा केस सारखे केले, दोनदा विचारलं, "आवस तुझी रागीट आसा काय गो?" जन्मात पहिल्यांदा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस माझ्या शेजारून चालत होतं... आणि मला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की मी सरळ त्याचा हात धरला.