नॅन खोटं बोलली नव्हती

रिचमंडच्या दप्तरखान्यात पेनला बंदी, फक्त पेन्सिल. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं आणि समोरच्याने न मागता आपली पुढे सरकवली. मी त्याच्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं — कॅल्विन ओटली. दुपारच्या चर्चासत्रात माझ्या प्रबंधाची चिरफाड करणार होता तो हाच!

"तुम्ही रोझलिन गॅस्किन्स ना?" तो हसला. "छान लिहिता. पण तुमची नॅन खोटारडी निघाली, त्याला मी काय करू?"

माझं डोकंच फिरलं. नॅन तीनशे वर्षांपूर्वीची गुलाम, माझ्यासारखीच कृष्णवर्णीय. आई गुलाम तर मूल गुलाम, असा तेव्हा व्हर्जिनियाचा कायदा. 'माझ्या जन्माआधीच आई मुक्त झाली होती,' असं तिने कोर्टात सांगितलं आणि गोऱ्या न्यायाधीशांनी तिला हाकलून दिलं. माझा सगळा प्रबंध तिच्या त्या शब्दावर उभा होता.

"आईची सुटका ऑक्टोबर १६८८," तो बोटांवर मोजत म्हणाला. "नॅनचा जन्म फेब्रुवारी १६८८. आधी फेब्रुवारी येतो, बाई!"

बोटं मात्र सुरेख होती त्याची...

"ओटलीसाहेब, तेव्हा नवं वर्ष कधी लागायचं?"

"एक जाने—" त्याने जीभ चावली.

"पंचवीस मार्चला," मी गोड आवाजात म्हटलं. "म्हणजे फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी, १६८८ च्या ऑक्टोबरनंतर. न्यायाधीशांना ते पक्कं ठाऊक होतं."

"बाप रे... माझं पुस्तक छापायला गेलंय. त्यात नॅन खोटी!" तो कसनुसा हसला. "आता दुपारी तुम्ही मला सोलून काढणार."

"तुम्हीच कबूल केलंत, तर माझे कष्ट वाचतील."

दुपारी मी बोलायला उठणार, तोच तो उभा राहिला. समोर त्याचेच प्राध्यापक. त्याची नोकरी पक्की करायची की नाही, हे त्यांच्याच हातात.

"नॅनबद्दल मी चुकलो," तो म्हणाला. "छपाई थांबवायला सांगितलंय. आता गॅस्किन्सबाईंचं ऐका."

मी तासभर बोलले. एकदाही अडखळले नाही.

बाहेर पायऱ्यांवर डॉगवुडच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. तो तिथेच थांबला होता.

"अजून... रागावलाय का?"

"तू मला आवडलायस, कॅल्विन," मी म्हटलं. "घाईत नाही म्हणत. पुरावा तपासून म्हणतेय."

मग मीच पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला.