मोहम्मदच्या नावाचं पार्सल

हरिहरेश्वरच्या अलीकडच्या वाडीत सफुरा पडवीत बसून सुपाऱ्या सोलत होती. दुपार उतरतानाची, असरची अजान होऊन गेली होती. दमलेली बाई हो ती, अगदी हाडापर्यंत दमलेली. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या दुःखाने वाळली. दुःख होतंच, पण त्याहून जास्त ती त्या पार्सलांना कंटाळली होती.

नवरा मोहम्मद बावीस वर्षं मस्कतला नोकरीला. गेल्या शाबानात, रमजानच्या आधीच्या महिन्यात, तिथंच वारला, तिथंच दफन झाला. तो होता तेव्हा या घरात एक रीत होती, आखातात माणूस असलेल्या बऱ्याच घरांत असते. दारात पार्सल आलं की विचारायचं नाही, पैसे देऊन घ्यायचं. तिकडून त्यांनीच मागवलेलं असणार! मिक्सर आला तो तसाच, घड्याळ आलं तेही तसंच. माणूस गेला तरी त्याच्या नावाने पार्सलं येत राहिली आणि ही वेडी ती घेत राहिली. एकात फुटकी बॅटरी निघाली, दुसऱ्यात दगड, तिसऱ्यात नुसता रद्दी कागद.

लेक यशरा पनवेलला नर्सिंग शिकते. ती फोनवर रडकुंडीला आली. अब्बांचं नाव-पत्ता कुणा भामट्यांच्या हाती लागलाय, म्हणाली. मागवलं नसेल ते घेऊ नकोस, आणि मोबाईलवर आलेला ओटीपीचा नंबर तर कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नकोस. अब्बांच्या कंपनीने दिलेले पैसे तुझ्या बँकेच्या खात्यात आहेत, ते गेले की माझं शिक्षण संपलं.

म्हणून कुरिअरवाली रचना स्कूटरवरून चौथं पार्सल घेऊन आली तेव्हा सफुराने सरळ मान हलवली. रचनाने वाद घातला नाही. फक्त, परत नेण्याआधी ग्राहकाला एक फोन लावावा लागतो, तो नियमच आहे, असं म्हणाली. लाव बाई, सफुरा म्हणाली, त्यांचा नंबर बंद होऊन सात महिने झाले.

फोन वाजला. तीनदा वाजला आणि कुणीतरी उचलला.

रचनाने स्पीकर लावला. आधी नुसता वारा ऐकू आला, कोरडा, वाळू उडवणारा. मग पुरुषाचा आवाज.

"सफू... घेऊन टाक ना."

सफुराच्या हातातल्या सुपाऱ्या घरंगळल्या. तिला सफू म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"यशराचे अब्बा?"

"तुझ्या मोबाईलवर नंबर आलाय. तेवढा वाच... लई दमलोय गं."

मोबाईल खरंच वाजला होता. रचनाने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"चाची, हा आमच्या पार्सलचा न्हाय. बँकेचा हाय."

सफुराच्या डोळ्यांना धार लागली. खरं सांगायचं तर तिला तो नंबर वाचायचाच होता, एकेक आकडा सावकाश वाचायचा होता. तेवढा वेळ तरी तो फोनवर राहिला असता. पण पनवेलची पोर डोळ्यांपुढून हलेना.

"बावीस वर्षांत तुम्ही माझ्याकडं काय मागितलं न्हाय," ती म्हणाली. "आता नका मागू."

पलीकडे वारा वाढला.

"बरं... मग मीच घरी येतो."

फोन तुटला. रचनाने पुन्हा लावला, तर असा नंबर अस्तित्वातच नाही. ती बिचारी पार्सल उचलून गेली. स्कूटरचा आवाज बागांमागे विरला. सफुरा खाली वाकून सांडलेल्या सुपाऱ्या वेचायला लागली. दुसरं काय करणार?

तेवढ्यात मागच्या दाराची कडी निघाली. आतून लावलेली कडी होती ती. स्वयंपाकघरात पावलं वाजली, पायाखाली वाळू कुरकुरावी तशी. पळावंसं तिला वाटलं, पण पळायला अंगात त्राण कुठलं? मागे न बघताच तिने विचारलं.

"जेवलात का?"

"आधी नंबर..."

घरातून एकाच वेळी दोन आवाज आले, आणि दोन्ही मोहम्मदचेच होते.