डावा हात

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खाली कमेंटमध्ये हसायला येऊ नका. माझ्या भावाच्या पायात चार स्क्रू आहेत. ते मी कल्पनेने बसवलेले नाहीत.

तीन वर्षं झाली. लांबच्या सायकलप्रवासाचा तिसरा दिवस, दुपारचे साडेचार. आम्ही दोघंच होतो, मी आणि दादा. तो बस डेपोत फिटर, मी शिंपी.

आमचा नियम ठरलेला होता. मी पुढे, दादा मागे. पुढच्याने हात दाखवायचा, मागच्याने आवाज द्यायचा. मी डावा हात खाली केला की डावीकडे खड्डा, दादाने डोळे झाकून उजवीकडे सरकायचं. मागून वाहन आलं की तो ओरडणार, "गाडी!" की मी कडेला. अडीचशे किलोमीटर असेच आलो होतो.

तिठ्यावर भांडण झालं.

मला आतला रस्ता हवा होता. हायवेवर ट्रक अंगाला घासून जात होते. दादाला अंधाराआधी मुक्काम गाठायचा होता.

"आतून आठ किलोमीटर जास्त पडतात," दादा म्हणाला. "तुझे लाड पुरवत बसलो तर परवा पोहोचू."

"ट्रकखाली गेलास तर कधीच नाही पोहोचणार."

"भित्री भागूबाई."

डोक्यात तिडीक गेली. लहानपणापासून हेच. थोरला म्हणेल ती पूर्व दिशा.

"जा मसणात," मी म्हणालो आणि आत वळलो. दोन्ही रस्ते पुढे पाण्याच्या टाकीपाशी मिळत होते. तिथे भेट झालीच असती.

रस्ता रिकामा होता. कुत्रंसुद्धा नाही. मी दात-ओठ खात पायडल मारत होतो.

पंधरा मिनिटांनी मागून आवाज आला...

टिक टिक टिक... टक.

दादाच्या मागच्या चाकाचा आवाज. दर चौथ्या टिकेला अडखळतो. हजारात ओळखेन.

आला शेपूट घालून, मला वाटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वळून बघितलं नाही. आधी त्याने बोलायला हवं होतं.

तो बोलला...

"गाडी!"

मी कडेला झालो. गाडी आली नाही.

थोड्या वेळाने पुन्हा, "गाडी!" पुन्हा कडेला. पुन्हा काही नाही.

तिसऱ्यांदा... चौथ्यांदा...

माझा संताप संताप झाला. चूक कबूल करायची सोडून हा माझी टर उडवतोय.

पुढे उजवीकडे चिखलाचं डबकं होतं. डावीकडे रस्ता साफ. मला काय दुर्बुद्धी झाली देव जाणे.

मी डावा हात खाली दाखवला.

खड्डा नव्हता. दादाने उजवीकडे सरकावं, चिखलात जावं, त्याचे नवे पांढरे बूट बरबटावेत... एवढंच. शपथ घेऊन सांगतो, एवढंच हवं होतं.

टिकटिक थांबली.

छपाक झालं नाही. शिवी आली नाही.

मी वळून बघितलं...

मागे कुणी नव्हतं. डबक्यातलं पाणी हललं नव्हतं. ओल्या मातीवर एकाच सायकलची रेघ होती, माझी.

घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

टाकीपाशी दादा नव्हता. फोन केला तर उचलला दुसऱ्याच माणसाने. हायवेवर पिकअपने दादाला उडवलं होतं. त्या पिकअपवाल्यानेच अॅम्ब्युलन्सला फोन केला होता, पाच चौदाला.

शुद्धीवर आल्यावर दादा म्हणाला, "अर्धा तास तुझ्या मागे होतो. तू कधी हायवेला परत आलास कळलंच नाही, एकदम पुढे दिसलास. एकदाही वळून बघितलं नाहीस. मी गाडी गाडी ओरडत होतो, तू कडेला होत होतास. मग डावा हात दाखवलास. मी सरकलो."

मग म्हणाला, "तिथे खड्डा नव्हता. पडल्या पडल्या बघितलं मी."

मी भडकलो. हॉस्पिटलमध्येच आवाज चढवला. फोनमध्ये माझा सगळा मार्ग नोंदलेला होता, तो त्याच्या तोंडासमोर धरला. बघ, मी हायवेवर पाय ठेवलेला नाही.

त्याने नीट बघितलं. मान डोलावली.

मग एवढंच विचारलं, "पण हात दाखवला होतास का?"

मी नाही म्हणालो.

माझा राग अजून उतरलेला नाही. जे माझ्या मागून आलं, जे त्याच्या पुढे गेलं, त्याच्यावर. आणि सर्वात जास्त कुणावर, ते तुम्हाला कळलंच असेल. सायकल मी विकून टाकली. तरी कधी कधी दुकान बंद करताना मागे ऐकू येतं... टिक टिक टिक... टक.

काल दादा काठी टेकत दुकानात आला. पुन्हा तेच विचारलं.

"किती वेळा सांगू, नाही म्हणून?" मी खेकसलो, आणि कात्री उचलली.

डावा हात कापडावर होता.

दादा त्या हाताकडेच बघत होता.