चार नंबर खाटेचा पंप

सलाईनच्या पंपाची तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा पंपाचा काही दोष नसतो, असं जयवंत नेरूरकर सगळ्यांना सांगत असे. बाटलीत हवेची सुई खुपसायची राहिलेली असते, नळीला कुठेतरी पीळ पडलेला असतो, नाहीतर बाटली बदलताना बंद केलेला नळीचा चिमटा सिस्टर पुन्हा उघडायला विसरलेल्या असतात. यंत्र बिचारं ओरडून ओरडून तेच सांगत असतं आणि माणसं त्यालाच शिव्या घालतात. साकीनाक्याच्या एका गाळ्यात बसून जयवंत दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचा, आणि 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण त्याच्या तोंडून दिवसातून दोनदा तरी निघायची.

मुलुंडला पाच रस्त्याजवळच्या एका नर्सिंग होममध्ये असा एकच पंप होता. १९८७ साली तेवढ्याशा दवाखान्यात एक असणं हीसुद्धा मिरवण्याची गोष्ट होती. डॉक्टर अनुपमाबाईंनी तो परदेशातून वापरलेला आणवला होता आणि त्याची दुरुस्ती-देखभाल जयवंतकडे दिली होती. ज्या कुपीत थेंब पडतात तिला एक चाप लागायचा, चापातला प्रकाशाचा डोळा थेंब मोजायचा, आणि यंत्राच्या आतल्या पट्ट्या नळी दाबत दाबत औषध पुढे ढकलायच्या. कुठे अडलं की लाल दिवा लागायचा आणि सगळा वॉर्ड जागा होईल अशी टीं-टीं सुरू व्हायची.

त्या टीं-टींचा बंदोबस्त जयवंतनेच केला होता. जूनमध्ये. सहा खाटांचा वॉर्ड, पेशंटचे नातेवाईक वैतागले होते, आणि सिस्टर द्रौपदी म्हणाली होती, "नेरूरकर, एक तर ह्याचं तोंड बंद करा, नाहीतर मी खिडकीतून फेकते बघा."

जयवंतने मागचं झाकण काढून भोंग्याची वायर कापली, दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली आणि झाकण लावून टाकलं. "दिवा आहे ना सिस्टर. दिव्याकडे बघत जा." पाच मिनिटांचं काम. वर द्रौपदीने चहा पाजला.

ऑक्टोबरात त्याची बायको मालन त्याच वॉर्डात चार नंबरच्या खाटेवर आली. टायफॉइडने आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण बीपी वर येईना. अनुपमाबाईंनी बीपी धरून ठेवायचं औषध ग्लुकोजच्या बाटलीत घालून पंपावर लावलं आणि जयवंतला बाजूला घेऊन सांगितलं, "हे थेंबाथेंबाने जात राहिलं तर आशा आहे. मध्ये खंड पडला, तर मात्र माझ्या हातात काही नाही." जयवंतने मान हलवली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिच्याशिवाय त्या घरात त्याची वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं. आपण दुरुस्त केलेल्या पंपावर ती आहे, ह्याचाच त्याला त्यातल्या त्यात धीर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडलेलं एक काम उरकायला तो गाळ्यावर गेला. अकराच्या सुमारास द्रौपदीचा फोन आला.

"ताबडतोब या. तुमचा पंप ओरडतोय. थांबतच नाहीये."

"लाल दिवा लागलाय का?"

"दिवा नाही लागला. ओरडतोय म्हणते ना!"

जयवंतने रिसीव्हर आपटला. मग रस्त्यावर येऊन त्याने मिळेल ती रिक्षा पकडली. आग्रा रोडभर तो एकच गोष्ट स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता. वायर आपण कापली आहे. आपल्या हाताने कापली आहे.

आवाज त्याला जिन्यातच ऐकू आला.

वॉर्डात लख्ख ऊन होतं. फिनेलचा वास होता. दोन नंबरची म्हातारी कानावर उशी दाबून पडली होती. मालनचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता, आणि सुई हलू नये म्हणून डावा हात लाकडी फळीला बांधलेला. जयवंतने तिच्या कपाळाला हात लावला, ते गार आणि ओलं होतं.

"बीपी?"

"साठ," द्रौपदी म्हणाली. "बाई ऑपरेशनमध्ये आहेत. निरोप दिलाय."

त्याने आपली नेहमीची यादी धरली. हवेची सुई होती. नळीला पीळ नव्हता. चिमटा उघडा होता. लाल दिवा विझलेला. त्याने मागचं झाकण काढलं. कापलेल्या वायरची दोन टोकं एकमेकांपासून बोटभर लांब, टेप जशीच्या तशी, वर चार महिन्यांची धूळ. टीं-टीं चालूच. त्याने प्लग उपटला. आतली बॅटरीसुद्धा ओढून काढली. काचेमागचे आकडे विझले.

आवाज थांबला नाही.

तो यंत्रातून येतोय असंही आता म्हणता येईना. तो खाटेच्या डाव्या अंगाने येत होता, स्टुलावर माणूस बसतो तेवढ्या उंचीवरून. स्टूल रिकामं होतं.

"पण औषध तर जातंय ना!" द्रौपदीने बाटलीवर उभी चिकटवलेली पट्टी दाखवली. त्या पांढऱ्या पट्टीवर ती पेनाने तास लिहून ठेवायची. दहाची खूण, अकराची खूण. पातळी अगदी वेळेवर उतरली होती. "मग बीपी चढत का नाही?"

"पंप काढा. नुसत्या थेंबांवर लावू, पूर्वीसारखं."

तिने नळी यंत्रातून सोडवली आणि घड्याळ लावून थेंब मोजले. ठीक पडत होते. जयवंत म्हणाला, "सुईपासून नळी सोडा एक मिनिट. मला बघू दे." तिने सोडली. त्याने नळीचं टोक स्टीलच्या ट्रेवर धरलं.

वर कुपीत थेंब पडत होते. टप. टप. टप.

खाली ट्रे कोरडा.

एक मिनिट गेलं, मग दुसरं. बाटलीतली पातळी पट्टीवरून सरकली. त्याने नळी पूर्ण हाताखालून नेली, जमीन चाचपली, खाटेची चादर चाचपली. कुठेही ओल नव्हती. शेवटी त्याने नळी दोन बोटांत हलकेच धरली. नळी ओढ घेत होती. थांबत होती. पुन्हा ओढ घेत होती. कुणीतरी घोट घेत असावं तशी.

"सिस्टर," त्याने विचारलं, "ह्या पंपावर कोण गेलं का?"

द्रौपदीने खाटेकडे बघितलं.

"कमल. नाहूरची होती, तिलाही हेच औषध लावलेलं. तुम्ही वायर कापलीत, त्याच्या चौथ्या दिवशी. बाटली बदलली आणि चिमटा उघडायचा राहिला. भेटायची वेळ, माणसांची गर्दी. कुणीतरी यंत्रावर टॉवेल टाकलेला, त्याच्याखाली दिवा लागलेला. पाऊण तास कुणाला पत्ता नाही. ह्याच खाटेवर."

"मला बोलला नाहीत."

"काय बोलणार होते? तोंड बंद करा, हे मीच म्हटलं होतं ना!"

जयवंतने दातांनी टेप सोलली, वायरची टोकं उघडी केली आणि एकमेकांत पिळली. बॅटरी घातली, प्लग लावला.

काही फरक पडला नाही.

"पन्नास," द्रौपदी म्हणाली. "नेरूरकर, पन्नासच्या खाली चाललंय."

मालनचे ओठ निळे पडले होते.

मग जयवंतने असं काही केलं, जे त्याने साकीनाक्याच्या गाळ्यात कुणी केलं असतं तर तो खो-खो हसला असता. त्या रिकाम्या स्टुलासमोर तो हात जोडून उभा राहिला आणि गावाकडे वडील देवळात घालायचे तसं त्याने गाऱ्हाणं घातलं. वर्षानुवर्षं जिभेवर न आलेली मालवणी आपोआप आली.

"बाये, चूक माझी आसा. वायर मी कापली. हिचो काय एक गुन्हो नाय. हिका सोड. काय व्हया ता माझ्याकडसून घे."

गाऱ्हाण्यात काय देणार ते नाव घेऊन सांगायचं असतं. नारळ तर नारळ, कोंबडा तर कोंबडा. बोलणं मोघम ठेवायचं नाही, हे वडिलांनी त्याला शंभरदा बजावलं होतं. त्या घाईत तो ते विसरला.

टीं-टीं थांबली.

दोन नंबरच्या म्हातारीने उशी बाजूला केली. द्रौपदी पुटपुटली, "बघा." नळीच्या टोकाशी एक थेंब जमला होता. तो ट्रेमध्ये पडला, मागोमाग दुसरा. तिने झटकन नळी सुईला जोडली.

एक वाजता बीपी सत्तर होतं. अडीचला नव्वद. अनुपमाबाई येऊन नाडी बघून गेल्या, म्हणाल्या, "लागलं एकदाचं औषध." जयवंत भिंतीला टेकून उभा होता. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

चारच्या सुमारास मालनने डोळे उघडले. ती पाणी मागेल असं त्याला वाटलं होतं.

"अहो, ती बाई उठली का?"

"कोण बाई?"

"इथं हाताशी बसलेली. काय गं बाई तिची तहान! मी म्हटलं, पी, पण मला थोडं ठेव."

"गेली ती," जयवंत म्हणाला. "तू पड."

मालनने त्याच्या खांद्यामागे बघितलं.

"नाही हो. तुमच्याजवळच तर उभी आहे."

जयवंत वळला नाही. कागदावर बीपी लिहिता लिहिता द्रौपदीचं पेन थांबलं होतं. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती, म्हणून त्यानेही बघितलं. वायरी जोडताना गरम कथलाचे शिंतोडे उडतात म्हणून तो बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, मनगटाशी बटण लावून. आजही लावलं होतं. उजवीकडचं तसंच होतं. डावी बाही कोपराच्या वर, अगदी नीट, तीन घड्या घालून दुमडलेली होती, आणि कोपराच्या आतली पैशाएवढी जागा सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवल्यासारखी गार लागत होती.